पाडव्यापर्यंतचं साल

रामकृष्णानं गोणपाटाचा बोळा रेस्टहाउसकडच्या फाट्याच्या तोंडात कोंबला, त्यावर दगड लोटला आणि दगड सरकू नये म्हणून त्याला पाठ लावून स्वतःच पाण्यात फतकल मारली. पाणी त्याच्या कमरेशी येऊन घोटाळलं, फुगलं आणि मुकाट्यानं डावीकडं, लिंबांच्या बागेकडं वळलं.

“अरे मेल्या, काय करतोस काय!” बांधावरून हुसैनमियाँ ओरडला. “ते पाणी हौदात सोडायचं हाय!”

“सोडा की. मामाची पाळी संपली की सोडा. मी कुटं न्हाय म्हंतो?”

मामा म्हणजे अदीबा. इथं म्हाताऱ्या बाईला मानानं मामा म्हणतात. पहिल्या वर्षी तसं म्हणताना रामकृष्णाला हसू आवरायचं नाही. आता गावाकडच्या सख्ख्या मामाची आठवण काढली तरी आधी हीच डोळ्यांपुढं येते. बाग तिची. शेजारचं रेस्टहाउस तिच्या पुतण्याचं, झैनचं. बागेत राबणारा रामकृष्ण, रेस्टहाउस सांभाळणारा हुसैनमियाँ. एक माणदेशातला, दुसरा गुहागरचा, आणि मधे हा एवढा बांध. ओमानातल्या रुस्ताकच्या त्या टोकाला मराठी बोलणारी ही दोनच तोंडं असल्यामुळं भांडायलासुद्धा त्यांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हतं.

डोंगरातून येणारा पाट, ज्याला इथं फलज म्हणतात, तो सगळ्या बागांना आळीपाळीनं भिजवतो. प्रत्येकाची पाळी आठ दिवसांनी येते. पाळीची वेळ मोबाइलवर बघायची नसते. मोकळ्या जागेत एक खांब उभा आहे, त्याची सावली जमिनीतल्या दगडांवरून सरकते. सातव्या दगडावर सावली आली की मामाचं पाणी सुरू, नवव्यावर गेली की संपलं. तासाभराचा खेळ. पण त्या तासाभरावर चाळीस लिंबं उभी होती.

मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मस्कतला गेली आणि झैननं तिची मागची पाळी आपल्या पोहण्याच्या हौदाला दिली. आजचीही देणार होता; तिच्यामागून येणाऱ्या त्याच्या स्वतःच्या पाळीत हौद अर्धाच भरायचा. गुरुवार होता, संध्याकाळी पाहुणे यायचे होते. म्हणजे लिंबांना थेट चोवीस दिवसांनी पाणी, तेही जूनमध्ये. फळ तर गेलंच असतं, झाडंही हाताला लागली नसती. हौदाला तहान लागते हे रामकृष्णानं त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“तू फोन कर ना मामाला,” हुसैनमियाँ म्हणाला.

“टाके बी निघालं न्हाईत तिचं. तिला सांगून काय करू? उठून बसंल आन् पळत येईल म्हातारी.”

“मग झैनशी गोड बोल. तुझं बताका-कार्ड त्याच्या नावावर हाय. कार्ड गेलं की तू गेलास.”

“कार्ड त्याच्या नावावर आसंल. साल मामाकडं हाय.”

हुसैनमियाँनं कपाळावर हात मारला. हे सालाचं प्रकरण त्याला पाठ होतं.

रामकृष्णाचा बाप सालगडी. बाप खोकून खोकून अंथरुणाला खिळला तेव्हा तेराव्या वर्षी पोरगा त्याच्या जागी मालकाच्या गोठ्यात उभा राहिला. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. मधे ना मालकानं काढायचं, ना गड्यानं पळायचं. पुढं साताऱ्याच्या भरतीत तो पलटणीत लागला, सतरा वर्षं काढली, त्यात दोन महिने कारगिलची लढाई. परतल्यावर लोक म्हणाले, एटीएमच्या दारात उभा राहा, फौजी माणसाला चटकन घेतात. तो म्हणाला, मेलेल्या पैशाची राखण मला जमायची नाही. आणि इथं आला. कार्डावर लिहिलं, शेतमजूर. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिल्याच पाडव्याला तो आंघोळ करून मामापुढं जाऊन उभा राहिला. “मामा, साल?” तिला काडीचंही कळलं नाही. हातवारे करून, हिंदी-अरबीची खिचडी करून त्यानं समजावलं. तिसऱ्या वर्षापासून तीच कॅलेंडर बघून विचारायला लागली, राम, तुझा साल कधी? नवा रुमाल द्यायची, छातीवर हात ठेवायची, म्हणायची, इन्शाल्ला, पुढच्या सालापर्यंत. असे सोळा रुमाल झाले होते.

मस्कतकडं बौशरच्या मराठी मंडळात दर पंधरा ऑगस्टला त्याला शाल मिळायची. लढाईचं काही सांगा, असा आग्रह व्हायचा. तो माइक धरून लिंबांच्या छाटणीचं सांगायचा. लोक हिरमुसून जेवायला उठायचे.

झैनची गाडी धुरळा उडवत बांधापर्यंत आली. पांढऱ्या पायघोळ दिशदाशावर एक डाग नाही, हातात फोन. त्यानं आधी धुऊन रिकाम्या केलेल्या हौदाकडं पाहिलं, मग पाण्यात बसलेल्या माणसाकडं.

“राम! ये क्या है? यल्ला, उठो!”

“मामा का पानी है, अर्बाब.” इथं मालकाला अर्बाब म्हणतात.

“मामा हॉस्पिटल में है. मैं बोलता है.”

“तुम बोलता है. मामा नहीं बोला.”

“मेरा बात नहीं सुनेगा? खलास! तुम्हारा वीजा कॅन्सल. सोमवार को इंडिया!”

“ठीक है. एक घंटा बाद कॅन्सल करो.”

झैनचा चेहरा लालबुंद झाला. मनानं तो काही दुष्ट नव्हता. पाहुण्यांना हौदाचे फोटो पाठवून बसला होता, एवढंच. पण नोकर माणूस पाण्यात बसून वेळ ठरवतोय हे कुठल्याही मालकाला झोंबणारच. दिशदाशा सावरत तो दोन पावलं पुढं आला, चिखल पाहून थांबला आणि हुसैनमियाँकडं वळला.

“हुसैन! निकालो इसको. नहीं तो तुम भी साथ में जाएगा.”

हुसैनमियाँनं चपला काढल्या. घरी बायको सफूराची औषधं, लेक नूरैनचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. सगळं एका क्षणात त्याच्या तोंडावर उमटून गेलं. तो पाण्यात उतरला, रामकृष्णाच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. खोटा नाही, खरा जोर. रामकृष्णाचा खांदा दगडावर खरचटला. त्यानं बूड हलू दिलं नाही.

“ऊठ रे. तुझ्या पाया पडतो, ऊठ,” हुसैनमियाँ कानाशी पुटपुटला. “झाडं हायत ती. झाडांसाठी कोण जातं का घरी?”

“मियाँ, एक सांगू?”

“आत्ता?”

“कारगिलला वरच्या चौकीवर पाणी संपलं हुतं. दादू शेलार छातीत गोळी लागून पडलेला. पाणी पाणी करत हुता. सायेब म्हनले, उजेडी कुनी खाली उतरायचं न्हाय. हुकूम बरोबरच हुता त्यांचा. मी उतरलो.”

हुसैनमियाँचे हात काखेतच राहिले.

“कॅन घिऊन आलो. दादूनं दोन घोट घेतले आन् गेला. मला सात दिवस कोठडी. कागदावर लाल शाई लागली ती लागलीच, नाइकाच्या वर गेलो न्हाय कधी.”

“हे मंडळात नाय सांगितलंस कधी?”

“शाल काढून घेतली आसती.”

“आणि वाईट नाय वाटत?”

“कशाचं? त्यो तहानेला न्हाय गेला.” रामकृष्णानं मान वळवून बागेकडं पाहिलं. पाणी आता तिसऱ्या ओळीत शिरलं होतं. “आजवर कुनी माझ्या हद्दीत तहानेला गेल्याला न्हाय, मियाँ. मानूस न्हाय आन् झाड बी न्हाय.”

“हुसैन!” झैन बांधावरून ओरडला. “जोर से!”

हुसैनमियाँनं पाय रोवले, छाती भरून घेतली आणि साऱ्या रुस्ताकला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला, “उठ! चल उठ! हरामखोर!” आणि दोन्ही हातांनी रामकृष्णाचे खांदे धरून त्याला खाली दाबलं.

रामकृष्ण क्षणभर चक्रावला. मग त्यालाही चेव चढला. त्यानं हुसैनमियाँच्या कमरेला मिठी घातली, दोघं उजवीकडं झुकले, डावीकडं झुकले, पाणी उडालं, शिव्या उडाल्या. मराठीतल्या शिव्यांना झैनच्या लेखी काहीच अर्थ नव्हता आणि त्या दोघांच्या लेखी तर त्याहून कमी.

“दगड सरकतोय बघ,” हुसैनमियाँ धापा टाकत म्हणाला. “टाच लाव त्याला.”

“लावली. तुमी जरा कमी वरडा, घसा बसंल.”

“माझा घसा माझ्यापाशी. तू नीट बस.”

झैननं दोन फोन केले. एकदा पाण्यात पाऊल टाकायचा विचार केला आणि मागं घेतलं. शेवटी तो गाडीत एसी लावून बसला, काचेतून बघत.

सावली नवव्या दगडावर गेली. रामकृष्णानं हुसैनमियाँचे हात हळूच सोडवले, उठला, दगड बाजूला केला आणि बोळा उपसून काढला. पाणी धावत रेस्टहाउसच्या फाट्यात शिरलं. तो गाडीपाशी गेला. अंगावरून पाणी निथळत होतं.

“अर्बाब, हो गया. अब तुम्हारा पानी.”

झैननं नुसता हात पुढं केला. रामकृष्णानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं, कोरडं आहे ना बघितलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. पाडवा अजून नऊ महिने लांब होता. साल अर्धवट सुटण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ, आणि ते आपण सोडलं नाही याचा त्याला मनापासून अभिमान वाटला.

गाडी गेली. दोघं बांधावर बसून बनियन पिळत राहिले.

“कोपऱ्यातली दोन झाडं हायत ना,” रामकृष्ण म्हणाला, “त्यांना पाणी पोचायला येळ लागतो. आळं जरा खोल ठिवायचं. आन् मामा आली की तिला फळ मोजू देऊ नका, ती मोजत बसती उन्हात.”

“मना कशाला सांगतोस? मी काय शेतकरी हाय?”

“दुसरं कोन हाय हितं मराठी समजनारं?”

हुसैनमियाँनं खरचटलेला कोपर उलटसुलट करून पाहिला. बागेत मातीनं पाणी पिताना होणारा बारीक आवाज चालू होता.

“आठ दिवसांनी परत पाळी,” तो म्हणाला.

“व्हय. पण तुमी त्यात पडू नका. तुमाला घर हाय.”

“माझं मी बघेन.”

तो कण्हत उठला, चपला पायांत सरकवल्या आणि रेस्टहाउसकडं दोन पावलं जाऊन थांबला.

“फौजी, ते पाणी लय थंड लागतं रे खाली बसलं की. मना मूळव्याध हाय.” त्यानं विचार केला. “बाथरूममध्ये प्लॅस्टिकचा एक बुटका स्टूल हाय, तो चालंल ना?”