श्रमदान

अधिकाऱ्याचा शब्द खरा मानला, हीच शिंपीणबाईंची चूक. पालिकेच्या पडीक जागेवर परवडतील अशी घरं बांधा, म्हणून सगळी गल्ली त्याच्याकडे गेली, तेव्हा तो म्हणाला होता, "बांधू हो! पण तिथं उकिरडा झालाय. तो आधी हटायला नको?"

हटवला! बाई राहत होत्या ती इमारत पाडायला निघाली होती. अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन जायचं कुठे, या विचारानं त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. सुट्टीच्या दिवशी शिवणाचं मशीन झाकायचं आणि घमेलं उचलायचं. नणंदेच्या हातात काच घुसली, तरी ती चेष्टा करायची, "वहिनी, वरच्या मजल्यावरची खोली माझी हं. तुमच्या मशीनची खडखड नको मला."

जागा लख्ख झाली. मग भोवती कुंपण आलं, फाटक आलं आणि एक दिवस फलक लागला: वाहनतळ.

उद्घाटनाला अधिकारी माईकवर गोड आवाजात म्हणाला, "नागरिकांनी केलेल्या श्रमदानाबद्दल पालिका ऋणी आहे." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! तोंडाला पानं पुसून घ्यायची आणि वर टाळ्या पिटायच्या, काय म्हणावं या माणसांना?

"दान? कोणी केलं दान?" बाई कडाडल्या. "घरं बांधणार म्हणून राबलो आम्ही!"

"अहो ताई, तेव्हा उकिरडा होता," अधिकारी समजूत घालत म्हणाला. "आता इतकी चांगली जागा झालीय. चांगल्या जागेवर तसली घरं कशी बांधायची?"

तसली! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरी आल्या आणि तडक सामान बांधायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर मशीन, पातेली आणि गादीवर सासूबाई. नणंद मागून ढकलत होती. गल्लीतली माणसं आधी नुसती बघत राहिली, मग एकेक जण आपापली वळकटी घेऊन मागे निघाला.

फाटकावर पहारेकरी आडवा आला. "मावशी, आत जायला परवानगी लागते."

"घाण उपसायला आत गेलो, तेव्हा लागली होती का रे?"

सासूबाई गादीवरून खेकसल्या, "त्याच्याशी काय बोलत बसलीस? ढकल!"

बाईंनी गाडी आत ढकलली.