आखाड्यावरचे दुमजली विमान

टेबलावर तीन आराखडे होते. पहिला एका पंखाच्या साध्या शिकाऊ विमानाचा, एकाच कागदात मावणारा. दुसरा वाऱ्यावर तरंगणाऱ्या बिनइंजिनाच्या विमानाचा, दोन कागदांत. तिसऱ्याचे कागद सहा. ते टेबलावर मावेनात, म्हणून जमिनीवर पसरावे लागले. मित्रांनो, तो तिसरा मी.

मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका खऱ्या विमानाची पाव आकाराची प्रतिकृती आहे. एकावर एक असे दोन पंख, आखूड नाक, लांब शेपूट. जमिनीवर उभे राहून मला रेडिओने चालवतात. माझ्या आराखड्यावरच लिहिले होते, की पहिल्यांदा विमान बनवणाऱ्याने हे हाती घेऊ नये.

पुनमने ते वाचले आणि मलाच निवडले. जवळा बाजारजवळच्या शेतकरी घरातली ही मुलगी नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आली होती. उडवायला ती हिंगोलीत फोमच्या एका छोट्या विमानावर शिकली होती. बनवले मात्र काहीच नव्हते. तिचा थोरला भाऊ सोमेश्वर हसला.

"सायकलचं पंक्चर काढता येत न्हाई, अन् एकदम ट्रॅक्टर खोलून राहिली व्हय?"

"याचं नाक आखूड हाय, दादा. तोल साधायला अवघड," पुनम म्हणाली. "मला तेच शिकायचं हाय."

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरी, बियाण्याची एक खोली होती. सोमेश्वरने ती तिला दिली, पण अट घातली. हे दुमजली विमान पहिल्याच उड्डाणात मोडले, तर खोली पुन्हा बियाण्याला. म्हणजे पुनमचे विमान बनवणे तिथेच संपणार.

मग मी हळूहळू आकाराला आलो. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या माझ्या फासळ्या पुनमने एकेक कापून, घासून, तोलून बसवल्या. जड निघालेली फासळी ती बाजूला ठेवी. अंगावर चढवायचे कापड इस्त्रीच्या उष्णतेने ताणून बसते. ते काम तिच्या आईने, मंजुळाबाईंनी केले. एकही सुरकुती राहिली नाही. त्या हातांचे उपकार मी विसरलेलो नाही. शेवटी माझ्या आखूड नाकात शिशाचे तुकडे ठेवून पुनमने तोल साधला. पंखाखाली दोन खुणांवर बोटे धरून उचलले, की मी अगदी सरळ राहू लागलो.

उड्डाण दसऱ्याला ठरले. सोयाबीन निघाले होते आणि शेताचा एक पट्टा रूळ फिरवून सपाट केला होता. सकाळी ट्रॅक्टर, विळे, पाण्याची मोटार यांच्याबरोबर माझीही पूजा झाली. मंजुळाबाईंनी हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. पुनम पट्टा बघायला गेली होती. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, तशी मलाही बांधायची होती. समोर तर पंखा फिरणार. म्हणून सोमेश्वरने ती शेपटीखाली, मागच्या चाकापाशी, तारेने घट्ट आवळली. दोघांनीही ते मायेनेच केले.

पुनमने हार काढला आणि मला पट्ट्यावर नेले. तोल आदल्या दिवशी बघितलाच होता; तिने तो पुन्हा बघितला नाही.

मी धावलो, उचललो गेलो आणि माझे नाक वर, आणखी वर जाऊ लागले. पुनम ते खाली दाबत होती. मी ऐकत नव्हतो. तिने इंजिनाचा जोर सावकाश कमी केला आणि मला कसेबसे जमिनीवर आणले. एक चाक वाकले. खालच्या पंखाचे टोक मोडले.

पुनम धावत आली आणि गुडघ्यांवर बसून एकेक भाग चाचपू लागली. शेपटीखाली तिचा हात थांबला.

"एवढुसं लिंबू," मंजुळाबाई रडवेल्या झाल्या, "अन् त्यानं इमान खाली आणलं?"

"आई, बैलगाडीत समदं वझं मागं भरलं तर काय होतं?"

"उलाळ होते. जू वर उठतं."

"तसंच झालं. शेपूट लांब हाय, तिथं थोडंबी लई होतं. पण उडवायच्या आधी मीच बघायला पायजे होतं."

सोमेश्वर वाकलेल्या चाकाकडे बघत होता. अट त्याचीच होती.

"तार म्याच आवळली," तो म्हणाला. "उलाळ आमी केली. हे मोडणं धरायचं न्हाई. नीट कर, अन् आणखी एक डाव उडव."

पुनमने लिंबू-मिरची फेकली नाही. आईला विचारून तिने ती इंजिनामागे, नाकात बांधली आणि तितक्या हिशेबाने शिसे कमी केले. मंजुळाबाईंनी पंखाच्या नव्या टोकावर कापड चढवले.

मित्रांनो, आज माझ्या कापडाचा रंग उडाला आहे आणि मी बरेच दिवस धूळ खात खुंटीला टांगलेला असतो. तरी माझी तक्रार नाही. त्या खोलीत बियाणे नाही. माझ्याखाली पुनमचे दुसरे विमान तयार होते आहे. तुम्हालाही कोणी अवघड काम सोपवले तर ते जरूर घ्या. मात्र कालचा तोल आज पुन्हा बघा, आणि मायेने बांधलेली वस्तू तोडून टाकू नका. तिला योग्य जागा द्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी पुनमने आधी मला दोन बोटांवर उचलून पाहिले, मग उडवले. सोमेश्वरने घड्याळ लावले होते. मी उतरल्यावर त्याने शेत मोजायची टेप काढली. उड्डाण सहा मिनिटे वीस सेकंद. उतरल्यावरची धाव एकोणीस मीटर.