उखर्डूआबांचा फेटा

कोपऱ्यातल्या पितळी घागरीकडं ताईबाईला बघवेना. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई वारल्यावर तिनंच त्यांची जुनी लुगडी बोहारणीला देऊन ती घागर घेतली होती. आधीची दोन्ही बाळं माहेरी झाली, घाईघाईत तिच्याच जुनेरात गुंडाळली आणि पाचवीच्या आत गेली. आता आपलं लेकरू काही जगत नाही, असं धरूनच ती बसली होती.

आणि आज कळा सुरू झाल्या होत्या.

तान्ह्याला नवं कापड घालायचं नाही. जिची लेकरं जगली तिच्या जुन्यातून झबलं शिवायचं. सासूबाईंची तर पाचही जगलेली! नेमकं तेच कापड दारातून घालवलं, काय ही अवदसा आठवली! भिंत धरत ती शेजारच्या शेवंताबाईकडं गेली. लढाईमुळं कापड रेशनवर, चिंधीही कुणी सोडत नव्हतं. पण शेवंताबाईची अडचण वेगळीच निघाली.

"राग नको मानू, बहीन. मन्हा पोरेस्नं आयुष्य कसं देसू तुले?"

ताईबाई घरी आली आणि उंबऱ्यातच कोसळली. हेही बाळ जाणार, तिला दिसतच होतं. ती हंबरडा फोडून रडली.

ओट्यावर बसलेले सासरे, उखर्डूआबा, उठले. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. मरणाला वाटावं, हा टाकून दिलेला कचरा आहे. नावही तेच पडलं.

"रडू नको, पोरी. माले मायनी उकिरडावर टाकेल व्हतं, म्हनीसन मी जगनू. हाई घे, फाडी टाक."

त्यांनी डोक्याचा फेटा सोडून तिच्या मांडीवर टाकला. धुऊन धुऊन तो मऊसूत झाला होता. तेवढा एकच फेटा त्यांच्याकडं होता.

उजाडता उजाडता मुलगी झाली. सुईणीनं तिला फेट्याच्या झबल्यात घातलं. आबा मात्र बोडक्या डोक्यानं ओट्यावर बसले होते. म्हातारा माणूस असा उघड्या डोक्यानं बसला, म्हणजे घरात कुणीतरी गेलं. बाया तोंडाला पदर लावून जमल्या आणि शेवंताबाईनं गळा काढला.

आत ते रडणं ऐकून ताईबाईला वाटलं, गेलीच पोर. तिनं झटकन झबलं बाजूला केलं. पोर फेट्याचं टोक चोखत होती.

"रडू नका वो!" ती किंचाळली. "जित्ती शे मन्ही पोर!"

बाहेरचा आवाज तुटला. आबांनी सवयीनं फेटा सावरायला डोक्यावर हात नेला, तो तसाच उघड्या टाळूवर राहिला, आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले.