ऑप्शनला टाकलेला धडा

अकरा वर्षं मी बी.ए.च्या पोरांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवतोय आणि अकरा वर्षं पश्चिम आशियाचा धडा ऑप्शनला टाकतोय. पेपरात येत नाही. आला तरी दुसरा पर्याय असतोच. दोन महायुद्धं, शीतयुद्ध, सगळं एका सत्रात उरकायचं, म्हणून माझी पद्धत ठरलेली. कारणे पाच, घटना तारखांसकट, परिणाम पाच. पोरं पास होतात, प्राचार्य खूश राहतात. मला त्याची कधी लाज वाटली नाही.

मंगळवारी तास संपल्यावर कन्हानहून येणारी प्रीती टेबलापाशी उभी राहिली.

“सर, तो सोडलेला धडा शिकवा ना जी.”

“काहून? पेपरात येत नाही तो.”

“माहीत आहे सर. माझा भाऊ, अंकुशदादा, तिकडंच क्रेन चालवते. लढाई लागली तवापासून, चार दिवस झाले, त्याचा फोन लागून नाही राहिला.”

बघू, म्हणालो आणि सटकलो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडीलच आले. चंद्रभानजी, कोळसा खाणीतून रिटायर झालेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. स्टाफरूममध्ये खुर्ची दिली तर बसेनात.

“पोरगी म्हणते, सर साऱ्या जगाच्या लढाया शिकवते. टीव्हीवाले नुसते बोंबलून राहिले. तुमी सांगा सर, किती दिवस चालते अशी लढाई?”

पहिलं महायुद्ध चार वर्षं, दुसरं सहा. हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. ते आकडे सोडून मी त्यांना अंकुशच्या शहराचं नाव विचारलं आणि भिंतीवरच्या नकाशात ते दाखवायला गेलो, तर माझ्या बोटाखाली अख्खा देश झाकला गेला.

“इथं,” मी म्हणालो. त्यांनी तिथं हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“उद्या तो धडा घेतो.” दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ते हात जोडून गेले, आणि मला स्वतःचाच असा राग आला की समोरचा चहा तसाच ठेवला.

सकाळी पुस्तक उघडलं. त्या धड्याची पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. साडेसहा पानं होती आणि मजकूर १९९१ला संपत होता.

तासाला “लिहून घ्या, कारणे” म्हटलं. वर्गातल्या माना खाली गेल्या. प्रीतीनं पेन उचललं नाही. माझ्या वर्गात फोन बंद ठेवायचा नियम आहे. तिचा बाकावर उघडाच पडला होता. मी पुढचं कारण सांगितलं. तिसऱ्या कारणावर आलो आणि तो वाजला.

सगळ्यांची पेनं थांबली. कधी देवाला हात न जोडणारा मी, मनातल्या मनात नवस बोलून मोकळा झालो. प्रीतीनं फोन कानाला लावला, ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबा आहेत सर,” ती म्हणाली. “विचारून राहिले, सर काय म्हणले.”