बहात्तर किलो लाल सूत

मित्रांनो, सोलापुरातल्या एका चादर कारखान्याच्या भांडारात, मागाच्या मोडक्या धोट्यांच्या शेजारी मी पडून आहे. मी टेबलावर मावणारा एक जुना संगणक. १९७८ साली लाकडी खोक्यातून इथे आलो, तेव्हा सारे विणकर मला रांगेने पाहून गेले.

माझे काम एकच होते. कोणत्या नक्षीच्या चादरीला कोणत्या रंगाचे किती सूत लागेल, ते काढायचे. मला मालती चालवत असे. ती आधी घडीखात्यात चादरींच्या घड्या घाली. तिथूनच शिकत ती माझ्यापर्यंत पोहोचली. माझी स्मृती दोन कार्डांवर होती. ती दोन खाचांत उभी असत. सुरू होताना मी आधी स्मृती तपासत असे आणि चूक आढळली तर पडद्यावर तिची जागा दाखवून थांबत असे.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि माझे बिनसले. पंखा फिरे, पडद्यावर एक आकडा येई, पुढे काही नाही. मालती मला बंद करून पुन्हा लावी. चौथ्या-पाचव्या खेपेला मी सुरू होई. अशाच एका दिवशी मी लाल सुताचा आकडा बहात्तरऐवजी दोनशे किलो दिला. रंगखात्याने दोनशे किलो सूत रंगवले. रंगवलेले सूत पुन्हा पांढरे होत नाही.

मालतीबाईंच्या पेटाऱ्याला फिट येते, कांदा हुंगवा, असे विणकर म्हणू लागले. व्यवस्थापक कमलाकर कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही.

"शनिवारपर्यंत हे सरळ झालं नाही तर हे परत जाईल. आणि तुम्ही घडीखात्यात."

मला बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी येणार होता. शनिवार तीन दिवसांवर होता.

मागावर नक्षी उमटते ती भोकांच्या पुठ्ठ्यांवरून. हे पुठ्ठे सांभाळणारे सिद्रामप्पा दुपारी चहा घेऊन आले. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता; चूक म्हणजे त्यांच्या लेखी नक्षीतले चुकलेले फूल.

"फूल रोज एकाच जागी चुकतंय का, पोरी?"

"रोज तिथंच, मामा. दुसऱ्या कार्डात."

"मग दोन्ही आलटून पालटून लाव की. चूक कार्डासंगट गेली तर कार्ड खोटं. जागेवरच ऱ्हायली तर खाच खोटी. अंदाजानं काय बी बदलू नगं."

मालतीने वीज काढली, कार्डांवर पेन्सिलीने एक आणि दोन लिहिले आणि त्यांची अदलाबदल केली. चूक पहिल्या खाचेत आली. तिने तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा चूक कार्डाबरोबर गेली.

तिने ते कार्ड उजेडात धरले. खालच्या सोनेरी दातांवर लालपिवळी खपली होती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. माझी मालतीनेच केली होती. झाकणावर हळदकुंकू, अक्षता, शेवटी तांब्यातले पाणी शिंपडले. झाकणाला हवेसाठी फटी होत्या.

सिद्रामप्पांनी कार्ड पाहिले, मग तिच्याकडे पाहिले.

"पूस आन् गप बस. कुणाला कळतंय?"

तिने खोडरबराने दात घासले, स्पिरिटच्या कापसाने पुसले. मला दहा वेळा बंद करून दहा वेळा लावले. दहाही वेळा मी सुरू झालो. लाल सूत विचारले. मी बहात्तर सांगितले.

मग ती कमलाकरांच्या खोलीत गेली आणि त्यांना घेऊनच परत आली.

"यंत्र चांगलं आहे, साहेब. माझ्या पूजेचं कुंकू आत गेलं होतं."

कमलाकरांनी विचारले, कशावरून? तिने अदलाबदल सांगितली. तीनदा, हेही सांगितले. त्यांनी वाकून पडद्यावरचा बहात्तरचा आकडा वाचला.

"पुढच्या दसऱ्याला?"

"पूजा करीन. टेबलाची. याच्यावर कापड टाकून."

"तसं लिहून झाकणावर चिकटवा," ते म्हणाले. "आणि सोमवारचे आकडे लवकर द्या."

मालतीने पुढे सहा वर्षे मला चालवले. नंतर नवा संगणक आला, मी भांडारात आलो. झाकणावरच्या त्या कागदाची शाई उडाली आहे, पण तो अजून चिकटून आहे.

मित्रांनो, यंत्राला मान द्यायचा असेल तर ते कोरडे ठेवा. बिघडले तर त्याला थापडा मारू नका. चूक कुठे राहते ते आधी पाहा. ती तुमच्या हातून झाली असेल, तर तसे सांगा. जास्तीचे एकशे अठ्ठावीस किलो सूत वाया गेले नाही. त्या हिवाळ्यात कारखान्याच्या चादरींना रुंद लाल काठ आला. तसली एखादी जुनी चादर तुमच्या घरात असेल, तर तो काठ माझ्या चुकीचा आहे. ऊब मात्र तेवढीच आहे.