बसमध्ये धावलेलं काळीज

पेसमेकर बसवून तीनेक महिने झाल्यावर डॉक्टरांनी सायकलची परवानगी दिली. त्याच संध्याकाळी मारुतीराव साळुंख्यांनी टायरमध्ये हवा भरली. देवासच्या कारखान्यात ते फिटर होते आणि निवृत्त होईपर्यंत कामावर सायकलनेच जात. मागच्या वर्षी त्यांचं हृदय मध्येच इतकं मंद पडायला लागलं की घेरी यायची, आणि कधी विनाकारण धडधडत सुटायचं. मंद पडू नये म्हणून छातीत यंत्र, आणि धडधडू नये म्हणून सकाळची एक गोळी, अशी व्यवस्था डॉक्टरांनी लावून दिली होती.

पण पुलाचा चढ लागला की सायकलवर त्यांना दम लागे, मांड्या भरून येत. उतरून मनगटावर बोटं ठेवली, तर नाडी झोपलेल्या माणसासारखी संथ. पायी कितीही भरभर चालले तरी असं होत नव्हतं.

"मग पायीच फिरा की," बायको मालनबाई म्हणाल्या.

"फिरेन गं. पण चालताना जे धावतं ते सायकलवर का झोपतं?"

आयुष्यभर त्यांनी यंत्रं उघडून दुरुस्त केली होती. हे यंत्र उघडता येत नव्हतं. दवाखान्यात फोन केला, तर पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. मधल्या दिवसांत धारला थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, पणतीचं बारसं होतं. मालनबाईंचा गुडघा सुजला होता, म्हणून मारुतीराव एकटेच निघाले.

इंदूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. मारुतीरावांना मागची सीट मिळाली होती. बस खड्ड्यांतून उसळू लागली आणि त्यांचं काळीजही धावू लागलं. पाय हलत नव्हते, अंगात ताप नव्हता, भीती तर सुरुवातीला नव्हतीच. धारच्या स्टँडवर बस थांबली तशी धडधड हळूहळू निवली. ते तिथेच बाकावर बसून राहिले. सायकल मारताना झोपतं, आणि नुसतं बसल्यावर पळतं! यंत्र उलटं तर बसवलं नाही ना?

बारशाच्या गडबडीतून सवड काढून त्यांनी अक्काला सगळं सांगितलं. अक्काने गोळीचं पाकीट हातात घेऊन मागून पुढून पाहिलं.

"ही कशापायी घेतोस?"

"हृदय हळू चालावं म्हणून."

"आणि ते छातीतलं?"

"हृदय हळू पडू नये म्हणून."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "अरे मारुती, एकाच गाडीला ब्रेकपण दाबायचा आणि रेसपण द्यायची? म्हणूनच तुझा दम कोंडतोय. दोन-चार दिवस ही बंद कर बघू."

ते मारुतीरावांना पटलं. त्यांच्याही मनात तेच घोळत होतं. धारला होते तोवर त्यांनी गोळी घेतली नाही, आणि त्यांना बरंच हलकं वाटलं.

परतीच्या बसमध्ये पुन्हा धडधड सुरू झाली, तेव्हा ते घाबरले नाहीत. बस थांबली की थांबेल, हे आता माहीत होतं. चहासाठी बस ढाब्यावर उभी राहिली. इंजिन बंद झालं. लोक उतरले. धडधड थांबली नाही. उलट ती वेडीवाकडी झाली, मध्येच ठेच लागल्यासारखी, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले.

"भिया, पसीना क्यूं आ रिया है? पानी लाऊं?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"बस उभी आहे ना?" मारुतीरावांनी मराठीतच विचारलं. त्या माणसाला काही कळलं नाही, पण त्याने कंडक्टरला हाक मारली.

रुग्णवाहिकेने त्यांना इंदूरला नेलं. इंजेक्शननंतर संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. मुलगी गुंजन मालनबाईंना घेऊन आली. यंत्रातल्या नोंदी तपासून डॉक्टर शिवानींनी सर्वांसमोरच विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

मारुतीराव मालनबाईंची नजर चुकवत म्हणाले, "बारशापासून."

"ही गोळी अचानक सोडली की हृदय उसळतं, काका. ढाब्यावर तुमचं स्वतःचं हृदय धावत होतं. ते रोखणं यंत्राच्या हातात नाही. त्यासाठीच गोळी आहे."

"मग जाताना? तेव्हा तर गोळी चालू होती."

"तेव्हा यंत्र हृदयाला पळवत होतं. छाती हलली की त्याला वाटतं तुम्ही चालताय. बसने हलवलं, ते फसलं. सायकलवर फक्त पाय हलतात, छाती स्थिर असते, म्हणून त्याला वाटतं तुम्ही आराम करताय. आणि गोळीमुळे तुमच्या हृदयाचे ठोके आपणहून वाढत नाहीत."

गुंजन म्हणाली, "मतलब, दोन्ही वेळा धडधड सेम, पण रीझन वेगळं?"

"हो. आणि बाहेरून ते ओळखता येत नाही, म्हणून आम्हाला विचारायचं."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी मारुतीरावांना तपासणीच्या खोलीतल्या सायकलवर बसवलं. त्यांच्या खांद्याखाली एक चपटं उपकरण धरून त्या पडद्यावर बघत राहिल्या. श्वासावरून मेहनत ओळखायची सोयही या पेसमेकरमध्ये होती, ती आजवर बंद होती. ती त्यांनी चालू केली आणि छातीच्या हलण्यावरून ठोके वाढवणं थोडं कमी केलं. गोळी तीच ठेवली. मारुतीराव पायडल मारू लागले. सुरुवातीला पुन्हा तोच दम, आणि मग श्वास वाढला तसं आत काहीतरी उशिराने जागं झालं. मांड्या सैल पडल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

घरी आल्यावर अक्काचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मीच तुला सांगितलं रे."

"ऐकलं तर मीच ना, अक्का."

"मग गाडीला ब्रेक की रेस, काय ठरलं?"

मारुतीरावांनी समजावायचा प्रयत्न केला. बस, छाती, श्वास, गोळी. मध्येच त्यांचाच धागा तुटला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले.

"सगळं अजून मलाही उमगलं नाही बघ," शेवटी ते म्हणाले. "पण गोळी विचारल्याशिवाय सोडायची नाही, एवढं पक्कं आहे."

"आणि सायकल?"

"ती उद्या. मालन पुलाच्या वर उभी राहणार आहे म्हणते."

आतून मालनबाई ओरडल्या, "बसणार आहे म्हणावं! गुडघा दुखतोय माझा!"