ताईंचं मोजमाप

आमच्या घराकडे येणारा चढ खडीचा आहे आणि त्याच्या मधोमध एक वळण आहे. त्या वळणावर आमची जुनी गाडी हात टेकते. उजवं चाक खडीत जागच्या जागी गरगर फिरतं, डावं ढिम्म उभं राहतं आणि मी बडबड करत उतरून मागून ढकलते. मी शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर ओरडतेच, त्यामुळे घसा तयार आहे. कंबर मात्र तयार नाही.

एरवी हे हसण्यावारी नेलं असतं, पण मागच्या सीटवर माझी नणंद असते. ताईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि परत येताना त्यांच्या अंगात उभं राहण्याचंही त्राण नसतं. गेल्या महिन्यात गाडी वळणावर पाऊण तास अडकली. ताई पांढऱ्याफटक पडल्या, नवरा चाकाखाली दगड लावत होता, मी ढकलत होते. तेव्हा मी काय काय बोलले ते मला नीट आठवतसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, यांना हॉस्पिटलजवळ ठेवा. शेजारीच अशा रुग्णांची राहायची सोय होती आणि तिथे एक खोली रिकामी होणार होती. महिनाअखेरीला हो किंवा नाही कळवायचं होतं.

"आधी गाडीचं बघू," नवरा म्हणाला. "गाडी वर चढली तर ताई कुठे जाणार नाही."

तो बसडेपोत मेकॅनिक आहे. त्याने मला जेवताना दोन वाट्या आणि एक चमचा घेऊन समजावलं. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांना वाटून देणाऱ्या भागात, जे चाक घसरतं त्यालाच सगळी ताकद मिळते, जे जमिनीला धरून असतं ते उपाशी. लिमिटेड स्लिप नावाचा एक प्रकार असतो, त्यात आत पातळ प्लेटांची चवड असते. प्लेटा एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. आमच्या गाडीला बसेल असा नग नवीन मिळत नाही. जुनाच शोधायचा आणि खोलून नीट करायचा.

तीन रविवार फिरल्यावर एका भंगारवाल्याकडे तो सापडला. काळ्या तेलात माखलेलं धूड होतं. नवऱ्याने एक बाजू फिरवली, तर दुसरीही त्याच दिशेला फिरली. त्याचा चेहरा असा उजळला की मला जरा हेवाच वाटला.

"डोळे झाकून घेऊन जा, वहिनी," भंगारवाला मला म्हणाला.

"डोळे झाकून मी आयुष्यात एकदाच काही घेतलंय," मी म्हटलं, "तो बघा, तिकडे उकिडवा बसलाय."

घरी आल्यावर पडवीत जुनी चादर पसरून नवऱ्याने ते खोललं. मोजमाप अर्थातच ताईंकडे. ताई तीस वर्षं कारखान्यात तपासणीला होत्या. त्यांनी नापास केलेला भाग मॅनेजरलाही पास करून घेता आला नव्हता, अशी त्यांची ख्याती. आमच्या घरात ताईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी पुन्हा मोजायला जात नाही, तसं मनातसुद्धा येत नाही.

नवी प्लेट दोन मिलिमीटरची. एक पॉइंट नव्वदच्या खाली झिजली की फेकायची. आठही प्लेटा रॉकेलमध्ये धुऊन मी ताईंसमोर ठेवल्या. त्यांनी मायक्रोमीटरने एकेक मोजली आणि वहीत सुबक अक्षरात आकडे लिहिले. एक त्र्याण्णव, एक ब्याण्णव, पुन्हा एक त्र्याण्णव.

"चांगल्या आहेत रे," त्या भावाला म्हणाल्या. "ह्याच घाल."

त्याने प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं जोडलं. मग एक बाजू व्हाइसच्या पकडीत आवळून दुसरी टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, फिरवून पाहिली. फिरवायला चांगला जोर लागायला हवा होता. ती सुळकन फिरली.

पुढचे चार दिवस त्याने जिवाचा आटापिटा केला. स्प्रिंगा तपासल्या, बदलल्या, खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. महिना संपायला सहा दिवस उरले. शेवटी त्याने सगळा राग भंगारवाल्यावर काढायचं ठरवलं आणि तो तडक तिकडे निघून गेला. ताई आत झोपल्या होत्या. पडवीत मी आणि आठ प्लेटा.

मी मायक्रोमीटर उचलला तो खरं तर चाळा म्हणून. सुट्टीत ताईंनीच मला तो वाचायला शिकवला होता. आधी रिकामाच मिटवून शून्य तपासलं, मग प्लेट धरली. एक चौऱ्याऐंशी. माझंच काहीतरी चुकलं म्हणून शून्य परत पाहिलं, प्लेट पुसून पुन्हा धरली. एक चौऱ्याऐंशी. दुसरी एक एक्क्याऐंशी. आठातल्या सहा फेकण्याच्या लायकीच्या होत्या. मग मी वही पाहिली. सगळे आकडे शहाण्या मुलांसारखे एका ओळीत. खऱ्या प्लेटा कधी इतक्या सारख्या झिजत नाहीत, हेही ताईंनीच शिकवलं होतं.

मागे वळले तर ताई दाराला धरून उभ्या.

"शून्य तपासलंस?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"मग बरोबर असेल." त्या खुर्चीत बसल्या. "तीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही मी. हे पहिले आठ."

"पण का?" माझा आवाज चढलाच. "तो चार दिवस स्वतःला मूर्ख समजतोय! तिकडे त्या बिचाऱ्या भंगारवाल्याच्या अंगावर गेलाय!"

"गाडी चढली नसती, तर मी त्या खोलीवर गेले असते. तुमच्यावर कुणी बोट ठेवलं नसतं." त्या प्लेटांकडे बघत होत्या. "वळणावर तू म्हणालीस, की हिच्यापायी एक दिवस माझा जीव जाणार. मी डोळे मिटून होते. झोपले नव्हते."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी तसं म्हणालेच नाही, असं सांगावं, असं फार वाटलं. पण त्या बाईसमोर आणखी एक खोटा आकडा ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

"म्हणाले असेन," मी म्हटलं. "आणि त्या क्षणी ते खरंच होतं. कंबर मोडत होती, मला तुमचा रागच आला होता. पुढेही येईल. मला तुमच्या भावाचा रोज येतो. पण ताई, ढकलत होते ते तुम्हाला घरी आणायलाच ना? तुमच्याशिवाय हे घर मला नको आहे." मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. "तुम्हाला जायचं असेल तर सरळ तोंडाने सांगा, मी स्वतः सोडून येईन. प्लेटांच्या आड लपू नका."

ताईंनी एक प्लेट उचलून परत ठेवली. मग लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "मला नाही गं जायचं."

मी त्यांच्या गुडघ्याशी बसले. दोघींनी मिळून आठही प्लेटा पुन्हा मोजल्या. मी आकडा वाचत होते, त्या लिहीत होत्या.

नवरा तणतणत परतला. ताईंनी वही त्याच्यासमोर धरली. "आधीचे आकडे मी खोटे लिहिले होते. मुद्दाम."

"काहीतरीच काय!" तो हसला. मग त्याने ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. हातांना तेल होतं, म्हणून त्याने बहिणीच्या खांद्यावर नुसती हनुवटी टेकवली. मग उठून नव्या प्लेटा कुठे मिळतील ते फोनवर विचारत बसला.

प्लेटा यायला तीन दिवस गेले, बसवायला एक. मोजल्या ताईंनीच. रेंच फिरवताना नवऱ्याला दात-ओठ आवळावे लागले आणि ते बघून आम्ही दोघी हसलो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी डायलिसिसहून परत येताना मी मागे ताईंजवळ बसले होते. वळण आलं. उजवं चाक घसरलं, खडी उडाली आणि माझा हात आपोआप दाराकडे गेला. तेवढ्यात डाव्या चाकाने ओढ घेतली. गाडी कुरकुरत, हिसके देत, पण न थांबता वर चढली. नवरा आरशातून मागे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते.

घराशी गाडी थांबली. ताईंनी डोळे उघडले.

"वळताना आतून कडकड आवाज येतोय," त्या भावाला म्हणाल्या. त्यांचा चेहरा दमलेला होता, आवाज तपासणी विभागातला होता. "तेलात काहीतरी कमी आहे. उद्या परत खोल. आणि तू गं, मला धरून आत ने, पाठीला उशी दे, आणि आज माझ्यासाठी जरा तिखट काहीतरी कर."

वळणावरच्या त्या पाऊण तासानंतर ताईंनी आमच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा मागितला नव्हता.

"डॉक्टरांनी तिखट नको सांगितलंय," मी ओरडले आणि त्यांना धरायला दार उघडलं.